गुप्त राहिलेला राजीनामा

वरिष्ठ अधिकाऱ्याला सरकारचे धोरण घातक वाटत असेल तर त्याने काय करावे, या प्रश्नाला आपल्याकडे आणि इतरत्रही एक ठरलेले उत्तर मिळते: त्याने राजीनामा द्यावा आणि शांतपणे बाजूला व्हावे. हे उत्तर शिस्तीत बसते, सभ्य दिसते आणि कोणालाच अडचणीत आणत नाही. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. ज्या राजीनाम्याची कारणे देणारा सांगत नाही आणि घेणारा लपवून ठेवतो, तो राजीनामा ज्या धोरणाविरुद्ध दिला जातो त्याच धोरणाची वाट मोकळी करतो. एक जाणता विरोधक खुर्चीवरून उठतो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि काम पुढे चालू राहते. जर्मन सैन्याच्या जनरल स्टाफचे, म्हणजे युद्धयोजना आखणाऱ्या वरिष्ठ खात्याचे, प्रमुख लुडविग बेक यांनी ऑगस्ट १९३८ मध्ये दिलेला राजीनामा हे याचे ठळक उदाहरण आहे. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात त्यांनी प्राण दिले, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना आदराने बोलावे लागते आणि ते योग्यच आहे. पण त्या आदरापोटी १९३८ चा हिशेब टाळला जातो, हे मला मान्य नाही.

बेक यांचा जन्म २९ जून १८८० रोजी ऱ्हाइनकाठच्या बीब्रिख या गावी झाला. वडील धातुउद्योगातले अभियंते आणि लोखंडाचा इतिहास पाच खंडांत लिहून काढण्याइतके चिकाटीचे अभ्यासक होते. ती चिकाटी मुलातही उतरली. १८९८ मध्ये तोफखान्यात दाखल झालेल्या बेक यांनी पहिले महायुद्ध पश्चिम आघाडीवर स्टाफ अधिकारी म्हणून काढले. त्याच काळात, १९१७ मध्ये, पत्नीचे निधन झाले आणि तान्ह्या मुलीची जबाबदारी त्यांच्यावर पडली. त्यांचा स्वभाव मितभाषी आणि काटेकोर होता. प्रश्न कितीही गुंतागुंतीचा असो, तो कागदावर सुटा करून मांडण्यात त्यांचा हातखंडा होता. सैन्याच्या युद्धसंचालनाची १९३३ ची नवी नियमपुस्तिका मुख्यतः त्यांनी घडवली आणि लष्करी अभ्यासक आजही तिच्या नेमक्या भाषेचे कौतुक करतात. लेखी टिपण हेच या माणसाचे हत्यार होते, आणि त्याच हत्यारावरचा अवाजवी विश्वास पुढे त्यांच्या आड आला.

बेक यांची बाजू मांडणारे बहुधा १९३८ पासून सुरुवात करतात. तसे करणे प्रामाणिकपणाचे नाही. १९१८ चा पराभव रणांगणावर झाला नसून देशातल्या क्रांतिकारकांनी सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला, ही समजूत त्यांनीही उराशी बाळगली होती. १९३० मध्ये त्यांच्या रेजिमेंटमधल्या उल्म येथील तरुण अधिकाऱ्यांवर सैन्यात नाझी प्रचार केल्याबद्दल लाइपझिगला खटला चालला, तेव्हा रेजिमेंटचे प्रमुख म्हणून बेक यांनी त्या तरुणांच्या बाजूने साक्ष दिली. हिटलर सत्तेवर आल्यानंतर मार्च १९३३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी या राजकीय पालटाची आपण अनेक वर्षे वाट पाहत होतो असे म्हटले आणि १९१८ नंतरचा हा पहिला आशेचा किरण आहे, असे त्याचे स्वागत केले. हिटलरने घडवलेल्या ३० जून १९३४ च्या हत्याकांडात जनरल श्लायशर आणि जनरल ब्रेडो यांना मारण्यात आले. सैन्याने आपल्याच दोन जनरलांच्या खुनाचा जाब विचारला नाही. पुढे महिनाभरात, २ ऑगस्ट रोजी, साऱ्या सैन्याने देश आणि जनतेऐवजी हिटलर या व्यक्तीच्या नावाने निष्ठेची शपथ घेतली. बेक यांनी या दिवसाला आपल्या आयुष्यातला सर्वांत काळा दिवस म्हटल्याचे सांगतात. शपथ मात्र त्यांनी घेतली.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी उभे केलेले सैन्य. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाख सैनिकांची मर्यादा घातली होती आणि जनरल स्टाफ ठेवण्यास मनाई केली होती. ही मनाई चुकवण्यासाठी दुसऱ्या नावाखाली चालणाऱ्या खात्याचे प्रमुखपद ऑक्टोबर १९३३ मध्ये बेक यांच्याकडे आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये २१ डिव्हिजनच्या सैन्याची योजना तयार झाली. मार्च १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची भरती आणि ३६ डिव्हिजन जाहीर केल्या. या वेगाबद्दल बेक यांच्या शंका होत्या, कारण अधिकारी पुरेसे नव्हते आणि घाईत वाढवलेले सैन्य आतून पोकळ राहते हे त्यांना ठाऊक होते. तरीही ज्या यंत्रणेने पुढे युरोप पायदळी तुडवला तिची जुळणी त्यांच्या टेबलावर झाली. शेजाऱ्यांनी हल्ल्याचा विचारही करू नये इतका बलवान देश त्यांना हवा होता. अशा बळाची किल्ली हिटलरच्या हाती असताना ते कशासाठी वापरले जाईल, हा प्रश्न त्यांनी १९३३ साली विचारायला हवा होता.

तो प्रश्न त्यांना नोव्हेंबर १९३७ पासून छळू लागला. ५ नोव्हेंबरला हिटलरने सैन्याच्या प्रमुखांसमोर ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया गिळंकृत करण्याचा इरादा बोलून दाखवला. कर्नल होसबाख यांनी लिहिलेला त्या बैठकीचा वृत्तांत वाचून बेक हादरले आणि त्यांनी त्यातल्या गृहीतकांवर कठोर शेरे लिहिले. फेब्रुवारी १९३८ पर्यंत युद्धमंत्री ब्लोमबर्ग आणि सेनाप्रमुख फ्रिच दोघेही दूर झाले. फ्रिच यांच्यावरचा समलैंगिकतेचा आरोप रचलेला होता. त्या दिवसांत सहकारी हाल्डर यांनी काहीतरी कृती करावी असा आग्रह धरला असता, बंड आणि क्रांती हे शब्द जर्मन अधिकाऱ्याच्या कोशात नाहीत, असे बेक उत्तरले, अशी हाल्डर यांची आठवण आहे. लगेच १० मार्चला ऑस्ट्रियावर चालून जाण्याचा हुकूम आला. या मोहिमेची पूर्वतयारी करण्यास बेक यांनी आदल्या वर्षी नकार दिला होता, म्हणून तयार योजनाच नव्हती. त्या दिवशी त्यांनी आपले सहकारी मानश्टाइन यांना बरोबर घेऊन काही तासांत हुकूम तयार केले आणि १२ मार्चला सैन्याने सीमा ओलांडली. आधी लेखी विरोध करायचा आणि हुकूम सुटल्यावर तो चोख पार पाडायचा, ही सवय त्या दिवशी त्यांच्या हाडीमाशी किती खिळली होती ते दिसते.

मे ते जुलै १९३८ या काळात बेक यांनी टिपणांमागून टिपणे लिहिली. ५ मे, २९ मे, ३ जून, १६ जुलै. चेकोस्लोव्हाकियावर हल्ला केला तर फ्रान्स आणि ब्रिटन उतरतील, मागून अमेरिकेचे बळ येईल, जर्मनीचा कच्चा माल आणि अन्नसाठा दीर्घ युद्धाला पुरणार नाही आणि शेवट सर्वनाशात होईल, असे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. १९४५ मध्ये काय झाले हे माहीत असलेल्या वाचकाला ही टिपणे वाचून धक्का बसतो. पण याच टिपणांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती झाकून चालणार नाही. २९ मेच्या टिपणात जर्मनीला अधिक विस्तृत भूमी हवी हे त्यांनी मान्य केले. चेकोस्लोव्हाकियाचे त्या वेळचे स्वरूप जर्मनीला असह्य आहे आणि गरज पडल्यास युद्धानेही तो प्रश्न सोडवावा लागेल, असेही लिहिले. आक्षेप वेळेला होता, पद्धतीला होता, धोक्याच्या चुकीच्या मोजमापाला होता. ज्यूंच्या छळाचा त्या युक्तिवादात मागमूस नाही. इतिहासकार क्लाउस-युर्गेन म्यूलर यांनी बेक यांचा त्या वेळचा विरोध मूलतः व्यावसायिक आणि संस्थात्मक होता असे दाखवले, तेव्हा जर्मनीत बरीच नाराजी व्यक्त झाली. पण कागद म्यूलर यांच्या बाजूने बोलतात.

असे असूनही १६ जुलैच्या टिपणाजवळ थांबावेच लागते, कारण तिथे हा माणूस स्वतःच्या परंपरेपलीकडे पाऊल टाकतो. ज्ञान, सदसद्विवेक आणि जबाबदारी जिथे हुकमाची अंमलबजावणी करू देत नाहीत तिथे सैनिकाच्या आज्ञापालनाची हद्द संपते, असे त्यांनी लिहिले. सर्वोच्च पदावरचा सैनिक अशा काळात आपले कर्तव्य केवळ लष्करी कामगिरीच्या चौकटीत पाहत असेल तर तो त्याचा खुजेपणा आहे, असेही लिहिले. सगळ्या वरिष्ठ जनरलांनी एकत्र राजीनामे द्यावेत, ही त्यांची सूचना होती. प्रशियन लष्करी संस्कारात वाढलेल्या अधिकाऱ्याने हे कागदावर उतरवणे ही साधी गोष्ट नव्हे. मात्र १९ जुलैच्या टिपणात जनतेपुढे ठेवायच्या घोषणांची जी यादी त्यांनी केली, तिची सुरुवात ‘फ्यूररसाठी (म्हणजे हिटलरसाठी)! युद्धाविरुद्ध!’ अशी होती. कायद्याचे राज्य, मतस्वातंत्र्य, चर्चशी सलोखा, पक्षातल्या बड्या धेंडांचा बंदोबस्त, हे सगळे त्यांना हिटलरला ठेवून मिळवायचे होते. वाईट सल्लागारांच्या गराड्यातून राजाला सोडवले की राज्य सुधारते, ही फार जुनी आणि फार महागात पडणारी समजूत आहे.

४ ऑगस्टला बर्लिनमध्ये जनरलांची बैठक झाली. बेक यांचे टिपण वाचले गेले, बहुतेकांना ते पटले. रायशेनाउ आणि बुश यांनी मोडता घातला. सेनाप्रमुख ब्राउखिच यांच्यासाठी बेक यांनी जे भाषण लिहून दिले होते, ज्यात सामूहिक कृतीचे आवाहन होते, ते मात्र ब्राउखिच यांनी केलेच नाही. बैठक संपली आणि प्रत्येक जण आपापल्या मुख्यालयात परतला. १८ ऑगस्टला बेक यांनी एकट्याने राजीनामा दिला आणि २७ ऑगस्टला हाल्डर यांच्याकडे सूत्रे सोपवली. पुढे जे झाले ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. परराष्ट्रविषयक परिस्थितीचे कारण देऊन हिटलरने हा राजीनामा गुप्त ठेवायला सांगितले, आणि बेक यांनी ते मानले. इतकेच नव्हे तर चेक संकटाच्या त्या आठवड्यांत पश्चिमेकडच्या पहिल्या आर्मीचे प्रमुखपद त्यांना देण्यात आले, तेही त्यांनी स्वीकारले. ज्या युद्धाला विरोध म्हणून जनरल स्टाफ सोडला, त्याच युद्धाच्या एका आघाडीची जबाबदारी त्यांनी मौन राखून घेतली होती. राजीनाम्याची बातमी जाहीर झाली ती ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देणारा म्युनिक करार होऊन महिना उलटल्यावर, कर्नल जनरल पदाच्या बढतीसह.

या मौनाची किंमत किती होती, हे २७ सप्टेंबर १९३८ च्या संध्याकाळी बर्लिनमध्ये दिसले. हिटलरच्या हुकमावरून मोटारगाड्यांवरून जाणारी एक डिव्हिजन सरकारी कचेऱ्यांच्या विल्हेल्मश्ट्रासे या रस्त्यावरून नेण्यात आली. १९१४ प्रमाणे लोक फुले उधळतील, जयजयकार करतील, अशी अपेक्षा होती. कचेऱ्यांतून घरी निघालेले लोक भुयारी रेल्वेच्या जिन्यांकडे वळले. जे थांबले ते गप्प उभे राहिले. हिटलर खिडकीतून ते पाहून संतापाने आत गेला. जर्मन जनतेला हे युद्ध नको होते. जनरल स्टाफचा प्रमुख याच युद्धाच्या विरोधात पद सोडून गेला आहे, ही एक बातमी जर त्या शहरात कुजबुजीच्या रूपाने तरी पसरलेली असती, तर तिचे वजन काय झाले असते? आणि ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन १५ सप्टेंबरला हिटलरला भेटायला बेर्ख्टेसगाडेनला विमानाने निघाले, तेव्हा समोरच्या माणसाच्या सैन्याचे शिर त्याच्याशी फारकत घेऊन बसले आहे हे उघडपणे जगाला माहीत असते, तर ती वाटाघाट त्याच सुरात झाली असती का? युद्ध टळलेच असते असा दावा मी करत नाही. पण हिटलरने ही बातमी दाबण्याची दक्षता घेतली, यावरून तिची ताकद त्याला बेक यांच्यापेक्षा चांगली समजली होती, हे उघड आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला असा की हुकूमशाहीत बोलायचे कुठे? वर्तमानपत्रे प्रचारमंत्री गोबेल्सच्या मुठीत, संसद नावापुरती, आणि तोंड उघडले की छळछावणी. हे खरे आहे. परंतु बेक हे सामान्य नागरिक नव्हते. प्रत्येक सैन्यविभागात त्यांच्या हाताखाली तयार झालेले अधिकारी होते, परदेशी लष्करी प्रतिनिधींशी त्यांचा परिचय होता, आणि एवाल्ड फॉन क्लाइस्ट-श्मेनत्सिन यांच्यासारखा माणूस त्याच ऑगस्टमध्ये विरोधकांचा निरोप घेऊन लंडनला गेला होता. बंद खोलीतला निरोप ब्रिटिश परराष्ट्र खाते बाजूला सारू शकते, उघड झालेला राजीनामा बाजूला सारता येत नाही. जनरल विल्हेल्म आडाम यांनी त्याच महिन्यात जर्मनीच्या पश्चिम सीमेवरची तटबंदी टिकणार नाही हे हिटलरला तोंडावर ऐकवले. त्यांचे पद गेले, जीव गेला नाही. १९३८ मध्ये सैन्याच्या शिरोमणीला उघडपणे संपवणे हिटलरला परवडणारे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सेनापतींनी राज्यकर्त्यांच्या निर्णयांवर जाहीर बोलायला सुरुवात केली तर नागरी सत्तेचे वर्चस्व कुठे राहील? लोकशाहीत हे वर्चस्व मी निर्विवाद मानतो. निवडून आलेल्या सरकारला अडवण्याचा अधिकार कोणत्याही जनरलला नाही आणि नसावा. पण अडवणे वेगळे आणि साक्ष देणे वेगळे. पद सोडणारा अधिकारी गोपनीय माहिती न फोडता एवढे नक्कीच सांगू शकतो की या निर्णयाची जबाबदारी मी घेऊ शकत नाही आणि त्याची कारणे ही आहेत. मग संसद, वृत्तपत्रे आणि मतदार काय करायचे ते ठरवतील. नागरी सत्ता म्हणजे केवळ पंतप्रधानांची किंवा चॅन्सेलरची सत्ता नव्हे, ती नागरिकांची सत्ता आहे, आणि नागरिकांना अंधारात ठेवून ती बळकट होत नाही. हिटलरच्या जर्मनीत तर संसद, न्यायालय आणि वृत्तपत्र हे तिन्ही बांध आधीच फुटले होते. त्यामुळे ज्यांच्या हातात काही उरले होते त्या मोजक्या लोकांवर बोलण्याची जबाबदारी येऊन पडली होती.

पद सोडण्याची दुसरी रीत त्याच काळात एका नागरी अधिकाऱ्याने दाखवली होती. लाइपझिगचे महापौर कार्ल ग्योर्डलर परगावी असताना नाझींनी संगीतकार मेंडेल्सजोन यांचा पुतळा, ते ज्यू वंशाचे म्हणून, नोव्हेंबर १९३६ मध्ये हलवला. ग्योर्डलर यांनी पद सोडले आणि ते का सोडले हे शहराला ठाऊक होते. ग्योर्डलर यांच्याही राजकीय मतांत दोष होते. तरी त्यांच्या जाण्याला अर्थ होता, कारण त्याचे कारण पुतळ्याच्या रिकाम्या जागेवर सगळ्यांना दिसत होते. याउलट सैन्यात टिपणांची परंपरा चालूच राहिली. पोलंडमध्ये एसएस या नाझी निमलष्करी संघटनेने चालवलेल्या हत्यांविरुद्ध जनरल ब्लास्कोविट्झ यांनी १९३९-४० च्या हिवाळ्यात धाडसाने लेखी तक्रारी केल्या. त्या वर गेल्या, हिटलरने त्यांची टर उडवली, आणि पुढे ब्लास्कोविट्झ यांना तिथून हलवण्यात आले. हत्या थांबल्या नाहीत.

बेक स्वतः मात्र बदलत गेले. निवृत्तीनंतर बर्लिनच्या लिख्टरफेल्डे भागातल्या घरी राहून त्यांनी वाचन केले, विद्वानांच्या बुधवार मंडळात १९४२ मध्ये सर्वंकष युद्धाच्या सिद्धांतावर टीका करणारे व्याख्यान दिले, १९४३ मध्ये पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सोसली. ‘फ्यूररसाठी’ म्हणणारा माणूस हिटलरला मारल्याशिवाय मार्ग नाही या निष्कर्षापर्यंत आला. २० जुलै १९४४ रोजी कटवाल्यांनी हिटलरच्या मुख्यालयात बॉम्ब फोडला. त्या दुपारी बेक बर्लिनमधल्या बेंडलरश्ट्रासेवरच्या लष्करी कचेरीत आले ते गणवेशात नव्हे, साध्या गडद सूटमध्ये, कारण हे केवळ लष्करी बंड दिसू नये अशी त्यांची इच्छा होती. कट यशस्वी झाला असता तर राष्ट्रप्रमुखपद त्यांच्याकडे येणार होते. हिटलर वाचल्याच्या बातम्या येत असतानाही, माझ्यापुरता हा माणूस मेला आहे, असे सांगून ते कामाला लागले. पूर्व आघाडीवर बाल्टिक किनाऱ्याच्या कुर्लंडमध्ये कोंडी होऊ घातलेल्या सैन्याला माघारीचा हुकूम त्यांनी टेलिफोनवरून दिला आणि तो किती वाजता दिला याची नोंद करून ठेवायला सांगितले. सहा वर्षांपूर्वी जी गोष्ट त्यांनी होऊ दिली नाही ती त्या संध्याकाळी त्यांनी मागितली: आपण काय केले हे लोकांना कळावे. रात्री कट फसला. पिस्तुलाने त्यांनी स्वतःवर दोनदा गोळी झाडली, तरी जीव गेला नाही, तेव्हा एका सार्जंटने त्यांना संपवले. कटातले साथीदार श्टाउफेनबर्ग, ओल्ब्रिख्ट, मेर्ट्झ फॉन क्विर्नहाइम आणि हेफ्टेन यांना खालच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या.

युद्धानंतर या लोकांना देशद्रोही म्हणणाऱ्या ओटो एर्न्स्ट रेमर याला १९५२ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयात सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी दोषी ठरवून घेतले, आणि त्यानंतरच पश्चिम जर्मनीत या प्रतिकाराला हळूहळू मान मिळू लागला. सोंथोफेनच्या लष्करी बराकीला, जिथे पूर्वी नाझी पक्षाचे नेते घडवण्याचे केंद्र होते, बेक यांचे नाव आहे. २०१८ च्या परंपराविषयक आदेशाने हिटलरकालीन सैन्य ही संस्था आजच्या सैन्याचा वारसा नाही असे स्पष्ट केले, पण प्रतिकार करणाऱ्या व्यक्तींना जागा ठेवली. हे नाव तिथे राहावे असेच मला वाटते. मात्र तिथल्या तरुण सैनिकाला १६ जुलैचे टिपण शिकवताना, २७ ऑगस्टनंतरचे मौनही त्याच तासाला शिकवले पाहिजे.

याचे कारण कायद्यात आहे. १९५६ च्या जर्मन सैनिक कायद्यानुसार मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारा हुकूम न पाळणे ही अवज्ञा ठरत नाही, आणि ज्यामुळे गुन्हा घडेल असा हुकूम पाळताच येत नाही. ही तरतूद मोलाची आहे. पण वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे येणारे अवघड प्रसंग बहुधा तिच्या कक्षेबाहेरचे असतात: कागदोपत्री निर्दोष, रीतसर सह्या झालेला आणि तरीही देशाला खाईत नेणारा निर्णय. अशा निर्णयाविरुद्ध त्याला कोणतेही कलम आधार देत नाही. त्याच्या हाती उरते ते पद सोडणे आणि सोडताना खरे बोलणे. यातले पहिले करणाऱ्याला निवृत्तीवेतन, बढती आणि इतिहासात सन्मानाची तळटीप मिळू शकते. दुसरे करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम, म्हणजे संसदीय समितीपुढे निर्भयपणे बोलण्याची सोय, निवृत्तीनंतरच्या मौनाच्या अटींवर मर्यादा आणि राजीनाम्याची कारणे ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवण्याचे बंधन, हे शांततेच्या काळातच करून ठेवावे लागतात. संकट दारात आल्यावर असे नियम करायला कोणतेच सरकार तयार होत नाही.